सत्तर वेळा मेल्यावर सोडायचं की लढायचं?

पत्र थोडक्यात असं: “मी मालवणचा, वय 26. बंदरावर बोटींच्या इंजिनांची कामं करतो. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत ओव्हरहॉलिंगची घाई असते. 1 ऑगस्टला बोटी पाण्यात गेल्या, तेव्हापासून जरा उसंत आहे. मित्राकडून जुना प्लेस्टेशन 4 घेतला, सोबत ‘एल्डन रिंग’ या गेमची डिस्क. सामुराई निवडलाय, लेव्हल 16. सगळे पॉइंट डेक्स्टेरिटीत घातले, कारण त्याने तलवार जोरात लागते असं कळलं. किल्ल्याच्या दारातल्या मार्गिट नावाच्या राक्षसाने मला सत्तर वेळा तरी मारलं असेल. एकदा त्याची लाइफ पाव राहिली होती. परवा रागाने कंट्रोलर आपटला, आता कॅमेरा मधूनच आपोआप फिरतो. आई म्हणता, ‘मेल्या, डोळे फुटतले तुझे.’ मुंबईचा चुलतभाऊ रोज विचारतो, ‘अजून थयच?’ तो गणपतीला येणार. त्याच्या मते कुणाची मदत घेऊन मारला तर ते मारणं नव्हे. पैसे घातलेत म्हणून सोडवत नाही आणि रोज रात्री डोकं मात्र फिरतं. सोडू की चिकटून राहू?”

सत्तर आकड्याचं इतकं काही नाही. तुमच्या पत्रात त्याहून बोलका आकडा आहे, तो म्हणजे लेव्हल 16. सामुराई लेव्हल 9 ला सुरू होतो, तेव्हा त्याची डेक्स्टेरिटी 15 असते आणि व्हिगर 12. तुम्ही सात लेव्हल वाढवल्या आणि सातही डेक्स्टेरिटीत घातल्या. म्हणजे ती 22 झाली आणि व्हिगर, ज्यावर तुमची लाइफ ठरते, ते पहिल्या दिवशी होतं तिथंच आहे. मार्गिटच्या काठीचे दोन-तीन फटके बसले की खेळ खलास. तुम्ही सत्तर वेळा हरलात त्यातल्या निम्म्या वेळा तरी हात चुकले नसतील, अंगात जीवच कमी होता.

बोटीचं इंजिन सुरू होत नसेल तर तुम्ही हँडल मारत बसत नाही. डिझेल येतंय का, लाइनीत हवा धरलीय का, नोझल फवारा नीट मारतोय का, हे एकेक करून बघता. इथं मात्र तुम्ही नुसतं हँडल मारत राहिलात. तेव्हा सोडायचं की नाही हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी हे सांगा: मेल्यावर, पुन्हा आत जाण्याआधी, कशाने मेलो ते एका वाक्यात सांगता येतं का? “काठी वर होती तेव्हाच वार चुकवायला लोळलो” हे उत्तर झालं. “लाइफ भरायला फ्लास्क प्यायला गेलो आणि खंजीर बसला” हेही उत्तर झालं. “तो फारच भारी आहे” हे उत्तर नव्हे. कारण सांगता येतंय आणि दर चार-पाच डावांनी ते बदलतंय, तोवर सत्तर काय, शंभर डावही वाया जात नाहीत. ओळीने दहा डावांत एकही कारण सांगता आलं नाही, तर अकरावा डाव त्याच पद्धतीने खेळण्यात अर्थ नाही. काहीतरी बदलायला हवं किंवा त्या रात्रीपुरतं थांबायला हवं.

कारण शोधायला प्लेस्टेशन 4 स्वतःच मदत करतो. मुळातल्या सेटिंगवर तो शेवटच्या पंधरा मिनिटांचा खेळ आपोआप टिपून ठेवत असतो. मेल्याबरोबर शेअर बटण दाबा, क्लिप सेव्ह करा आणि फक्त शेवटची वीस सेकंद बघा. बहुतेकांना तिथं आपलं बोट दिसतं: मार्गिट काठी उचलतो, क्षणभर तशीच धरून ठेवतो, आणि आपण ती उचलताना पाहूनच गोल बटण दाबलेलं असतं. लोळून उठतो तोवर काठी डोक्यावर. तो उशिरा मारतो हीच त्याची सगळी चलाखी, घाबरून लोळणाऱ्यांसाठीच केलेली. नजर काठीच्या टोकावर नको, खांद्यावर ठेवा. खांदा खाली यायला लागला की लोळा, तेही मागे नाही, तिरकं पुढे, त्याच्या अंगाजवळून. मागे लोळलात की त्याच्या लांब काठीच्या पल्ल्यातच राहता.

या बटणाबद्दल एक गोष्ट पुष्कळ तास खेळलेल्यांनाही माहीत नसते. गोल बटण दाबून धरलं की धावणं, पटकन दाबून सोडलं की लोळणं. त्यामुळे गेम लोळण्याची कृती बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर करतो. स्पॅनर फिरवण्याची सवय असलेला हात घाबरला की बटण कचकचून दाबून धरतो, आणि लोळणं तेवढ्याने उशिरा होतं. बटण टिचकी मारल्यासारखं दाबा. दुसरं, घाईत दोनदा दाबलंत तर दुसरी दाब गेम लक्षात ठेवतो आणि पहिलं लोळणं संपलं की दुसरं करून टाकतो, तुम्हाला नको असलं तरी. लोळताना ज्या काळात मार लागत नाही तो अर्ध्या सेकंदाहून कमी असतो, तेव्हा एवढासा उशीर पुरेसा महाग पडतो.

आता मशिन. कॅमेरा आपोआप फिरतो असं तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात, आम्ही मात्र तिथंच अडकलो. कंट्रोलर टेबलावर ठेवा, हात लावू नका, गेममध्ये मोकळ्या जागी उभे राहा. कॅमेरा सरकला तर उजव्या स्टिकमध्ये दोष. पात्र आपलं आपण चालायला लागलं तर डाव्या. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत स्टिकच्या आतल्या पट्टीवर मळ आणि क्षार बसतात, त्यात तुम्ही तो आपटला. आधी साधा उपाय करा: कंट्रोलर बंद, स्टिकच्या बुडाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब, स्टिक चारी बाजूंना वीस-तीस वेळा फिरवायची, अर्धा तास वाळू द्यायचं. तुमचा हात सवयीने गंज सोडवायच्या स्प्रेकडे जाईल. तो नको. त्यातलं तेल मागे राहतं आणि धूळ धरतं. अल्कोहोलनेही फरक पडला नाही तर आतला भाग झिजलाय किंवा आपटल्याने जागचा हललाय. तो डी-सोल्डर करून बदलावा लागतो. मोबाइल रिपेअरचं चांगलं दुकान हे काम करून देतं. कामाहून आल्यावर कंट्रोलर उघड्यावर टाकू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवायला कुणी सांगेल. पिठाची भुकटी आत जाते, यापलीकडे त्यातून काही होत नाही.

टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू करा. नसेल तर चित्र गुळगुळीत करणारे सगळे पर्याय बंद करा, कारण चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो आणि तुम्ही झालेल्या घटनेवर लोळत बसता. कंट्रोलर केबलने जोडा आणि प्लेस्टेशनच्या सेटिंग, डिव्हाइसेस, कंट्रोलर्समध्ये कम्युनिकेशन मेथड यूएसबी केबल अशी करा. नुसती केबल लावल्याने चार्जिंग होतं, बटणांचा संदेश ब्लूटूथवरूनच जात राहतो.

पावसात लाइट जाते त्याचं वेगळं सांगायला नको. या गेमला सरळ पॉज नाही आणि सेव्ह आपोआप होतं, म्हणजे वीज नेमकी लिहितानाच गेली तर घोळ होऊ शकतो. आठवड्यातून एकदा सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करा. प्लेस्टेशन 4 मध्ये ती सोय सेव्ह्ड डेटाच्या व्यवस्थापनात आहे. संगणकाला लावतात तसा 600 व्हीएचा यूपीएस घरात पडून असेल तर तो लावा. पाच-दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात बाहेर पडून मशिन नीट बंद करता येतं.

आणि आता ते पात्र. मार्गिटला पाठ दाखवा. घोड्यावर बसा, दक्षिणेला चला, पूल ओलांडून वीपिंग पेनिन्सुलात उतरा. लिमग्रेव्ह, म्हणजे गेमचा पहिला प्रदेश, संपवल्याशिवाय किल्ल्यात जायचं नसतं, पण गेम तुम्हाला सोनेरी रेषा दाखवून थेट किल्ल्याच्या दारात नेऊन उभं करतो, आणि नवखा माणूस रेषेवर विश्वास ठेवतो. चूक तुमची एकट्याची नाही. या दक्षिणेच्या टापूत तीन चर्च आहेत आणि तिन्हींत एकेक सेक्रेड टिअर. एका टिअरने फ्लास्कच्या प्रत्येक घोटाची ताकद वाढते. रस्त्यात चमकणारं छोटं सोनेरी झाड दिसलं की त्याखाली गोल्डन सीड असतं, त्याने घोटांची संख्या वाढते. साइट ऑफ ग्रेसवर, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसून फ्लास्कची वाटणी बघा: लाल घोट लाइफ भरतो, निळा जादूची शक्ती. जादू न वापरणाऱ्या सामुराईने निळे घोट कशाला ठेवायचे? एखादा सोडून बाकी सगळे लाल करा.

पुढच्या आठ लेव्हल फक्त व्हिगर. म्हणजे लेव्हल 24 आणि व्हिगर 20. तोवर डेक्स्टेरिटीला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. तलवारीचा मार आता वाढवायचा तो दगडांनी: चर्च ऑफ एलेहमधल्या ऐरणीवर हत्यार +3 पर्यंत नेता येतं, आणि त्यासाठी पहिल्या दर्जाचे स्मिदिंग स्टोन लागतात अनुक्रमे 2, 4 आणि 6, म्हणजे एकूण 12. लिमग्रेव्हच्या खाणीत, लिमग्रेव्ह टनेल्समध्ये, भिंतीत चमकणारे दगड सापडतात. सुरुवातीला डेक्स्टेरिटीच्या सात पॉइंटांपेक्षा या बारा दगडांचा फायदा जास्त आहे, आणि हे गेम कुठेही बोलून दाखवत नाही.

वजनही तपासा. अंगावरचं सगळं मिळून क्षमतेच्या 70 टक्क्यांच्या आत हवं. त्यावर गेलात की लोळणं जड होतं, पोत्यासारखं. सापडलेलं भारी चिलखत चढवून लोक हीच चूक करतात आणि बटणाला शिव्या घालतात.

एवढं करायला चार-पाच संध्याकाळी लागतील. मग पुन्हा किल्ल्याकडे. पहिले तीन डाव एकही वार करायचा नाही. फक्त जिवंत राहायचं आणि बघायचं. चौथ्या डावापासून त्याच्या एकाच चालीवर वार करा, उदाहरणार्थ तो उडी मारून आपटतो आणि क्षणभर थांबतो तिथं, एक किंवा दोन, तिसरा नाही. तिसऱ्या वाराच्या लोभाने दमाची हिरवी पट्टी संपते आणि लोळायला दम उरत नाही. लांब जाऊन फ्लास्क काढलात की तो सोनेरी खंजीर फेकतो, म्हणून प्यायचं ते त्याचा मोठा वार फुकट गेल्यावर. रात्रीचे डाव दहा, मग मशिन बंद. हातांना जे शिकवलं ते झोपेत मुरतं. अकराव्यापासून विसाव्यापर्यंतच्या डावांत माणूस चुकाच पक्क्या करतो आणि एखाद्या रात्री कंट्रोलर आपटतो.

चुलतभावाच्या म्हणण्याबद्दल. एल्डन रिंगमध्ये सोपं-कठीण असा पर्यायच नाही. फ्रॉमसॉफ्टवेअरने 2022 मध्ये तो गेम आणताना सोपं करण्याची साधनं जगातच पेरून ठेवली. घोडा मिळाल्यावर चर्च ऑफ एलेहमध्ये रेना नावाची बाई घंटा आणि लांडग्यांची राख देते; घंटेने त्या राखेतून तीन लांडगे बोलावता येतात, ते मार्गिटचं लक्ष वेधून घेतात. मार्गिटच्या लढाईआधीच्या धुक्याच्या दाराबाहेर जमिनीवर सोनेरी खूण असते, तिला हात लावला की रॉजिएर नावाचा जादूगार सोबत येतो. मर्कवॉटर गुहेतला पॅचेस 5,000 रूनला (रून म्हणजे गेममधलं चलन) एक बेडी विकतो, तिने मार्गिट पहिल्या टप्प्यात दोनदा जमिनीला खिळतो. बनवणाऱ्यांनीच ठेवलेल्या वस्तू वापरणं ही लबाडी कशी? होडीला इंजिन लावलं म्हणून मासा पकडला नाही असं कुणी म्हणत नाही. तरीही तुम्हाला एकट्याने मारण्याचीच हौस असेल तर जरूर मारा. पण हौस तुमची हवी.

आता सोडण्याबद्दल, कारण प्रश्न तोच होता. डोळे मिटून कल्पना करा: उद्या सकाळी मशिन सुरू केलं आणि मार्गिट आपोआप मेलेला आहे. पहिल्यांदा मनात काय आलं? “बघू आत काय आहे” असं आलं तर तुम्हाला गेम आवडतो, नडतोय तो एक राक्षस. “सुटलो एकदाचा” असं आलं तर सोडा, बिनदिक्कत सोडा, कारण मार्गिट शेवटचा नाही. किल्ल्यात आत त्याचा मालक गॉड्रिक बसलाय, त्याच्या पुढे अख्खा देश पसरलाय, आणि पन्नासेक तास मरण्या-शिकण्याचा हाच क्रम आहे. हा गेम पुढे सोपा होईल या आशेवर थांबू नका. तो तसा होत नाही, तुम्हीच बदलता, आणि त्या बदलण्यात मजा वाटत नसेल तर उरते फक्त मजुरी.

या दोन टोकांच्या मध्येही एक वाट आहे, अगदी खरोखरची. आंबोलीत दरड आली की आपण करूळने नाहीतर फोंड्याने वर जातो, तसा या किल्ल्याला वळसा घालता येतो. बाहेरून कड्याच्या कडेने एक मोडकी वाट थेट लिअर्निया या पुढच्या प्रदेशात उतरते. मार्गिट आणि गॉड्रिक दोघांनाही न मारता गेम शेवटापर्यंत नेता येतो. राजधानीत शिरायला कुठलेही दोन ग्रेट रून (बड्या शत्रूंना मारून मिळणारी खास वस्तू) लागतात, ते गॉड्रिककडूनच हवेत असं नाही. मात्र व्हिगर 12 घेऊन तिकडे गेलात तर लिअर्नियातही तेच होईल.

पैशाचं म्हणाल तर ते गेलेच. खेळलात तरी परत येत नाहीत, नाही खेळलात तरी नाहीत. डिस्क आहे हे तुमचं नशीब, ती विकता येते. स्टोअरवरून घेतलेला गेम विकता येत नाही, आणि प्लेस्टेशन स्टोअर पैसे परत देतं ते 14 दिवसांत आणि डाउनलोड सुरू केलेलं नसेल तर. संगणकावर स्टीमचा नियम जरा बरा आहे: घेतल्यापासून 14 दिवस आणि खेळून झालेले दोन तासांपेक्षा कमी. म्हणून पुढच्या वेळी असा अवघड गेम घ्याल तेव्हा पहिल्या दीड तासातच ठरवा. पात्राचा चेहरा बनवण्यात तास घालवू नका, तोही त्यात मोजला जातो.

सगळे अवघड गेम मात्र एका मापाने मोजू नका. ‘सेलेस्ट’मध्ये असिस्ट मोडने खेळाचा वेगच 50 टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. ‘हेडीस’च्या गॉड मोडमध्ये मार 20 टक्के कमी लागतो आणि दर मरणागणिक आणखी 2 टक्के, 80 पर्यंत. असे पर्याय असताना कुढत बसणं हा हट्ट झाला. ‘कपहेड’मध्ये सोपा पर्याय आहे खरा, पण त्यात जिंकून शेवटच्या लढाईपर्यंत पोहोचता येत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. आणि फोनवरचे फुकट गेम, ज्यात पाच जीव संपले की अर्ध्या तासाने एक मिळतो नाहीतर पैसे मोजा, तिथं तुमचा वैताग हाच त्यांचा माल आहे. तो गेम सोडताना विचार करायची गरज नाही.

सोडायचं ठरलं तर नीट सोडा. सेव्ह पेनड्राइव्हवर घ्या, गेम काढून टाका (प्लेस्टेशन 4 वर गेम काढला तरी सेव्ह राहतं), आणि कागदावर चार ओळी लिहून डिस्कच्या डब्यात घाला: कुठे होतो, कुठलं हत्यार, काय करायचं राहिलं. सहा महिन्यांनी बोटं विसरलेली असतात. तेव्हा परतलात तर सरळ मार्गिटपुढे जाऊ नका, तासभर लिमग्रेव्हमध्ये साध्या शिपायांशी लढा.

गणपतीच्या आत हे संपवायची तारीख मनातून काढून टाका. घरात पाहुणे, आरत्या, एकाच बोर्डावर माळा आणि मिक्सर, त्यात हे मशिन लावूच नका. विसर्जनानंतर चुलतभाऊ एखादा दिवस थांबला तर कंट्रोलर त्याच्या हातात द्या. एल्डन रिंगमध्ये दहा पात्रं ठेवता येतात, त्याला नवं करून द्या. सामुराईच द्या, लेव्हल 9, व्हिगर 12, आणि सोनेरी रेषा जाते तिकडे त्याला सरळ जाऊ द्या.